बोलीवरून मुलाला शाळेत छळतात, 'शाळेत येऊ नकोस' म्हणून त्याने शपथ घातलीय. काय करू?

वऱ्हाडची_लेक

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही अकोल्याचे. नवऱ्याची बदली झाली आणि जूनमध्ये पुण्याला आलो. मुलगा सहावीत आहे, सेमी इंग्रजी. अकोल्याला हाच मुलगा वर्गात सगळ्यांच्या पुढे, गोष्ट सांगायला उभा राहिला की बाईंना थांबवावं लागायचं. इथे पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला धडा वाचताना 'पाणी'चं 'पानी' झालं. वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, त्यांच्या मनात वाईट नसेल. मग मधल्या सुट्टीत तो कुणाला तरी "काहून?" (म्हणजे 'का?') म्हणाला. त्या दिवसापासून त्याचं नाव 'काहून' पडलं. त्याचं खरं नाव वर्गातल्या अर्ध्या मुलांना ठाऊक नसेल.

मला हे सगळं दोन महिन्यांनी कळलं. शाळेतून आला की दप्तर दारात टाकून तो थेट बाथरूमकडे पळायचा. पाण्याची बाटली भरलेली परत यायची. मी रागवायचे, पाणी का पीत नाहीस म्हणून. ऑगस्टमध्ये लघवीला जळजळ सुरू झाली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सहज विचारलं, "शाळेत लघवीला जातोस ना रे?" आणि तो तिथेच रडायला लागला. तीन मुलं शाळेच्या मुतारीच्या दारात उभी राहतात. "पाणी म्हण, नीट म्हणलास तर आत सोडू." तो म्हणतो, ती हसतात, पुन्हा म्हणायला लावतात, तोवर घंटा होते. म्हणून त्याने पाणी पिणंच सोडलं होतं.

नवरा म्हणाला, तूही एक ठेवून दे. मी म्हणाले, लक्ष देऊ नकोस, कंटाळतील. आणि आणखी एक गोष्ट मी केली, तिची मला फार लाज वाटते. रोज संध्याकाळी मी त्याला समोर बसवून 'ण' आणि 'न' घोटून घ्यायला लागले. मला वाटलं, बोलणं सुधारलं की चिडवायला काही उरणार नाही. गेल्या रविवारी अकोल्याहून माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्याने फोन माझ्याकडे दिला आणि हळूच म्हणाला, "तू बोल. आजीशी बोललं की मला परत तसंच यायला लागतं."

त्या रात्री मी झोपले नाही. शाळेत जाऊ का? तो म्हणतो, तू आलीस तर आणखी मारतील, आणि शपथ घातलीय. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

कोथरूडची_आई

वाचून पोटात कालवलं. चिडवणारी मुलं आमच्याच घरांतली आहेत. माझी मुलगी सातवीत आहे. आज तिला विचारलं, तुमच्या वर्गात बाहेरगावचं कोणी आहे का, त्याला काय म्हणतात? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुम्ही एकट्या नाही आहात.

एक_बाबा

तुमच्या मिस्टरांशी सहमत. मी लहानपणी जाड होतो, 'ढोल्या' म्हणायचे. एकदा एकाच्या कानाखाली वाजवली, नंतर कोणी बोललं नाही. मुलाला मैदानात उतरवा, ताकद कमवू द्या.

सांगलीचा_गडी

@एक_बाबा, तुमचं जमलं याचा आनंद आहे, पण तुमच्यासमोर बहुतेक एकटा होता. इथे तीन आहेत. माझ्या लेकाला मी हाच सल्ला दिला होता. वर्षभर त्याचा कंपास लपवणं, डब्यात खडू टाकणं चाललं होतं. माझं ऐकून त्याने एके दिवशी पट्टी उगारली, समोरच्याच्या भुवईवर लागली, दोन टाके पडले. शाळेच्या कागदोपत्री वर्षभरात घडलेली एकच घटना आहे, ती म्हणजे माझ्या मुलाने केलेली मारहाण. आधीचं काहीच आम्ही लिहून दिलं नव्हतं. माफीपत्र त्यालाच लिहावं लागलं. ते लिहिताना त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, ती नजर मी विसरत नाही.

मुलाला सांगितलेलं हे 'ठेवून दे' म्हणजे आपण तुझ्यासाठी काही करणार नाही, तुझं तू बघ, असंच असतं.

निवृत्त_बाई

मी ३२ वर्षं शिक्षिका होते, शेवटची ९ मुख्याध्यापिका, सातारा जिल्ह्यात. त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते.

सगळ्यात आधी, 'ण'चा सराव आजच बंद करा. तुम्ही वाईट हेतूने केलं नाही, पण मुलाच्या मनात त्याचा हिशोब असा झाला की मुतारीच्या दारातली मुलं जे म्हणतात तेच घरी आई म्हणते. म्हणजे ती बरोबर आहेत. चूक माझ्या जिभेत आहे. हे त्याला तोंडाने सांगावं लागेल. आई म्हणून त्याच्यासमोर बसा आणि म्हणा, "मी तुझं बोलणं सुधारायला निघाले, ते माझं चुकलं." मुलं आईबापांची अशी कबुली आयुष्यभर जपतात.

आता शपथेचं. मुलं शपथ घालतात त्यात एक अनुभव असतो. मोठी माणसं येतात, वर्गात मोठ्याने ओरडतात, "कोण रे याला चिडवतो?" म्हणून चौघांना उभं करतात आणि निघून जातात. मग सुट्टीत त्याचं सव्याज परत येतं. ती भीती खोटी नाही. तेव्हा शपथ मोडू नका, ती त्याच्याशी बोलून सोडवून घ्या. त्याला विचारा, शाळेत कळलं तर तुला नेमकं कशाचं भय वाटतं? कोणाला सांगितलेलं चालेल? वर्गात नाव घेतलेलं चालेल का? त्याच्या अटी कागदावर लिहा आणि त्या अटी घेऊनच शाळेत जा. पण 'मी काहीच करणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. मुतारीला जाऊ न देणं हे चिडवणं राहिलेलं नाही, त्याने मूल आजारी पडलं आहे.

जायच्या आधी वही करा. तारीख, जागा, कोण होतं, काय शब्द वापरले, कोणी पाहिलं. स्वतःचं मत त्यात लिहू नका. "माझ्या मुलाला सगळे त्रास देतात" असं सांगत आलेल्या पालकांना मी खूपदा चहा पाजून परत पाठवलं आहे, हे आज कबूल करते. कारण मला धरायला काही मिळायचं नाही. ज्या आईने "मागच्या मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत, तळमजल्याच्या मुतारीपाशी" असं सांगितलं, तिच्यासाठी मी दुसऱ्याच दिवशी तिथे शिपायाला उभं केलं. डॉक्टरांचा कागदही सोबत न्या.

पहिली भेट वर्गशिक्षिकेची, एकांतात, शाळा सुटल्यावर. गेटवर नको, पालकसभेत तर नकोच. त्या मुलांच्या पालकांना परस्पर फोन करू नका. मी पाहिलं आहे, दोन घरांचं भांडण पेटतं आणि मूल बाजूला राहतं. भेटीत शिक्षा मागू नका, व्यवस्था मागा. मुतारीपाशी कोण थांबेल? त्याला तासाच्या मध्ये जायची परवानगी मिळेल का? शाळेच्या व्हॅनने जात असेल तर तिथे तो कुठे बसेल? आणि उठताना विचारा, दोन आठवड्यांनी कोणत्या दिवशी येऊ? तारीख ठरली नाही तर काही होत नाही. घरी येऊन जे ठरलं ते चार ओळींत लिहून शाळेला पाठवा, 'आज झालेल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून.

एक राहिलं. त्या बाई हसल्या, हे त्यांना सांगा. आरोप म्हणून नको. "त्या दिवशी वर्ग हसला आणि तुम्हालाही हसू आलं, त्याच्या मनात ते बसलंय" एवढंच. वर्गात शिक्षक ज्याच्यावर हसतो, त्याच्यावर हसायचा परवाना सगळ्यांना मिळतो. मी स्वतः एका तोतऱ्या मुलाच्या बाबतीत हे केलं आहे. तो आज कुठे आहे मला माहीत नाही.

वऱ्हाडची_लेक

@निवृत्त_बाई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आज त्याला म्हणाले, माझं चुकलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने येऊन मांडीवर डोकं ठेवून पडला. अकरा वर्षांचा झाल्यापासून पहिल्यांदा.

नागपुरी_संत्रं

ताई, पोट्ट्याला सांगा, तुझी भाषा चुकीची नाही, ती तुझ्या गावची आहे. मराठीतलं सगळ्यात जुनं मोठं गद्य महानुभावांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालंय. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, ते मुंबईत, पुण्यात कुठेही कीर्तनाला उभे राहिले तरी वऱ्हाडीतच बोलले आणि हजारो माणसं बसून ऐकत. बाबांना कोणी 'शुद्ध बोला' म्हटलं नाही.

माझाही अनुभव सांगतो. अकरावीला पुण्यात आलो, दोन वर्षं 'बे' म्हणणं दाबून ठेवलं. दाबलं ते दाबलं, नंतर घरी गेलो तरी मोकळं येईना. मायच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "तू पाव्हण्यासारखा बोलून राहिला."

तुर्कूकर

मी फिनलंडमध्ये तुर्कू शहरात राहते, दोन्ही मुलं इथल्या शाळेत. इथल्या विद्यापीठात या विषयावर मोठं काम झालंय. 'किवा' नावाचा कार्यक्रम इथेच तयार झाला आणि २००९ पासून देशभरातल्या शाळांत गेला. त्यातला मुद्दा मला आई म्हणून फार पटला, तो असा की छळणारा आणि छळला जाणारा एवढे दोघेच नसतात. बाजूला उभं राहून हसणारी, नुसती बघणारी, मनातून वाईट वाटणारी पण गप्प बसणारी, अशी सगळी मुलं त्यात असतात. छळणाऱ्याला जोर त्या बघणाऱ्यांकडून मिळतो.

माझ्या मुलाला दुसरीत त्याच्या डब्याच्या वासावरून त्रास झाला होता. शिक्षिकेने आधी त्याच्याशी एकट्याने बोलून घेतलं, मग त्रास देणाऱ्यांशी एकेकाशी वेगवेगळं, चढ्या आवाजाशिवाय. आणि तिसरी गोष्ट, वर्गातल्या ज्यांचं इतर मुलं ऐकतात अशा दोघातिघांना बोलावून विचारलं, "याचे दिवस सोपे व्हावेत म्हणून तुम्ही काय कराल?" त्यांना उपदेश केला नाही, त्यांनाच ठरवू दिलं. दोन आठवड्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तुमच्या शाळेत कार्यक्रम नसला तरी ही तिसरी गोष्ट कोणतीही वर्गशिक्षिका करू शकते. वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे का, जी हसत नाही? मुलाला विचारून बघा. त्याला नक्की ठाऊक असेल.

वऱ्हाडची_लेक

@तुर्कूकर, विचारलं. लगेच म्हणाला, "एक आहे. कबड्डीच्या टीममधला. तो हसत नाही, पण काही बोलत पण नाही."

वकील_काकू

कायद्याचं थोडं लिहून ठेवते, इतरांनाही उपयोगी पडेल. महाराष्ट्रात १९९९चा रॅगिंग प्रतिबंध अधिनियम आहे. लोकांना वाटतं तो फक्त कॉलेजसाठी, पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या तेवढ्यापुरती नाही. आणि रॅगिंगच्या व्याख्येत चिडवणं, लाज किंवा भीती वाटेल असं वागणं, एखाद्याला तो स्वतःहून करणार नाही अशी गोष्ट करायला लावणं हे सगळं येतं. दारात अडवून 'पाणी म्हण' म्हणणं यात बसतं. पालकांनी संस्थाप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली की सात दिवसांत चौकशी करणं हे प्रमुखांचं काम आहे. म्हणून तोंडी बोलण्याने हललं नाही तर साधं पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या.

शिक्षकांकडूनच अपमान होत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासनाचा २०२२चा निर्णय आहे, तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे ते विचारा. मुतारीपाशी कपड्यांना हात लावणं, फोटो काढणं असं काही झालं आहे का, हे मुलाला शांतपणे विचारा. तसं असेल तर प्रकरण पॉक्सोकडे, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याकडे जातं, मग शाळेने 'आपसात मिटवू' म्हणणं चालत नाही, कळवणं बंधनकारक आहे.

पण हे सगळं हातात असावं म्हणून लिहिलं, पहिल्याच भेटीत टेबलावर आपटण्यासाठी नाही. तीही सहावीतली मुलं आहेत. कलम सांगितलं की शाळा बचावाला बसते, मदतीला येत नाही.

डोंबिवलीकर_मावशी

अवांतर होईल, पण वर्गाचे व्हॉट्सअॅप ग्रुपही बघा. माझ्या भाचीचे स्टिकर बनवले होते. ते डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारखेसकट. आम्ही रागाच्या भरात सगळं पुसलं आणि मग दाखवायला काही उरलं नाही. मोबाइल काढून घेऊ नका, मुलांना ती शिक्षा वाटते आणि पुढच्या वेळी ती सांगत नाहीत.

शाळा_समुपदेशक

वरच्या बहुतेक गोष्टींना अनुमोदन. माझ्याकडून दोन.

रोज दारात "आज कोणी काही बोललं का?" विचारू नका. त्या प्रश्नाने घरही शाळेचा भाग होतं. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना, अंधारात अंथरुणावर मुलं आपणहून बोलतात, कारण समोर डोळे नसतात. त्याने सांगितलं की लगेच उपाय सुचवू नका. "मग तुला काय वाटलं?" एवढंच.

दुसरं म्हणजे सराव. बोलण्याचा नाही, उभं राहण्याचा. दारात अडवलं तर काय करायचं हे घरी खोटंखोटं करून बघा. आई दारात उभी, तो येतो. "बाजूला हो, मला जायचंय" एवढं एकच वाक्य, खाली न बघता, आणि नाही झाले तर वळून सरळ ज्या मोठ्या माणसाचं ठरलंय त्याच्याकडे. दहा-बारा वेळा केलं की पायांना सवय होते. याने छळणारी मुलं बदलत नाहीत, ते काम शाळेचं. पण मुलाला आपण दगड झालो असं वाटत नाही.

झोप उडणं, आवडीच्या गोष्टी सोडणं, 'मी नसतो तर बरं' अशा धर्तीचं बोलणं यातलं काही दिसलं तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

मागच्या_बाकावरचा

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी त्या दारात उभा राहणारा होतो. आमच्या वर्गात कोकणातून आलेला एक मुलगा होता, हेल काढून बोलायचा. आम्ही त्याच्या हेलात बोलायचो, वर्षभर. मला तो वाईट वाटायचा का? अजिबात नाही. मी त्याची नक्कल केली की अख्खा वर्ग माझ्याकडे बघून हसायचा, आणि घरी माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. वडील बोलायचे ते हातानेच.

मला शिक्षा बऱ्याच झाल्या, फरक पडला नाही. थांबलो कधी? माझाच मित्र, आमचा क्रिकेटचा कॅप्टन, एकदा म्हणाला, "बस कर आता, बोर झालं." तो हसला नाही, मग कोणीच हसलं नाही. @तुर्कूकर यांचं वाचलं तेव्हा तो दिवस आठवला. ताई, तो कबड्डीवाला मुलगा सोडू नका.

वऱ्हाडची_लेक (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. वही केली. मुलाच्या दोन अटी होत्या, वर्गात त्याचं नाव घ्यायचं नाही आणि बाबांनी ओरडायचं नाही. दोघं मिळून गेलो. बाई आधी म्हणाल्या, "मुलं आहेत, चालायचंच." मग मी डॉक्टरांचा कागद आणि वही पुढे ठेवली. त्या वाचत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. हसण्याचंही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मला आठवतही नाही हो." मला त्यांचा राग आला नाही.

आता मधल्या सुट्टीत तळमजल्यावर मावशी बसतात. त्याला तासाला जायची परवानगी आहे. तिघांशी वेगवेगळं बोलणं झालं. कबड्डीवाल्याला बाईंनी शेजारच्या बाकावर आणलंय, काही न सांगता.

पण सगळं थांबलेलं नाही. तिघांतला एक आता व्हॅनमध्ये चालू झालाय, कारण तिथे कोणी बघत नाही. आणि माझ्या नवऱ्याने काल मला सांगितलं की पहिल्या नोकरीत तोही दोन वर्षं ऑफिसात तोंड उघडत नव्हता, याच कारणाने. लग्नाला चौदा वर्षं झाली, मला माहीत नव्हतं. 'एक ठेवून दे' कुठून आलं ते कळलं.

निवृत्त_बाई

शाळेत बंद झालं की व्हॅनमध्ये निघतं, हे नेहमीचं आहे. याचा अर्थ तुमचं चुकलं असा नाही. व्हॅनवाल्या काकांना स्वतः भेटा. त्याला पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी बसवा. आणि हे वर्गशिक्षिकेलाही लेखी कळवा. शाळेच्या वेळेबाहेरचं म्हणून त्या झटकतील, तरी कळवा.

वऱ्हाडची_लेक (दिवाळीनंतर)

व्हॅनची सीट बदलली, काकांनी चांगलं मनावर घेतलं. बाईंनी सुट्टीआधी एक तास 'आमच्याकडे काय म्हणतात' असा घेतला. प्रत्येकाने घरून शब्द आणायचे. कोल्हापूरच्या, मालवणच्या, धुळ्याच्या घरांतली मुलं निघाली वर्गात, जी इतके दिवस गप्प होती. फळ्यावर 'काहून' लिहिलं गेलं, त्याच्याशेजारी 'कशापायी' आणि 'कित्याक'. लिहायला तो स्वतः उठला नाही, कबड्डीवाल्याने विचारून लिहिलं.

दिवाळीत अकोल्याला गेलो. परत निघताना सासूबाई नेहमीसारख्या दारात रडायला लागल्या. हा गाडीतून उतरून परत गेला आणि म्हणाला, "आजी, काहून रडून राहिली वं? उन्हाळ्यात येतोच ना मी."

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले. पाण्याची बाटली रिकामी येते. सोमवारी मात्र पोट दुखतं म्हणाला, नऊ वाजेपर्यंत अंथरुणात होता, मग आपणहून उठला. वहीत लिहून ठेवलंय. शुक्रवारी बाईंची पुढची भेट आहे, तेव्हा सोमवारचं विचारणार आहे. त्या दिवशी पहिला तास पीटीचा असतो, आणि कपडे बदलायच्या खोलीत मावशी नसतात.